दाराशी ठेवलेला नापास जोड

कुळगावातल्या आमच्या घराचं पुढचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक पोलादी ठोकळा लावलेला असे. दोन जाड प्लेटी वेल्डिंगने जोडायच्या आणि मग त्या जोडासकट आडवा तुकडा कापून काढायचा, तसा तो होता. वजन सात-आठ किलो. वाऱ्याला हलणार नाही, पण वहिनी पायाने सरकवू शकेल, इतकं. वरच्या अंगाला वेल्डिंगची रुंद पट्टी होती, खवल्याला खवला लागलेली, इतकी एकसारखी की कुणी सावकाश बसून वेणी घातली असावी. अंबरनाथच्या एमआयडीसीमुळे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना लोखंडातलं काही ना काही कळत असे. असा माणूस चपला काढता काढता वाकून ती पट्टी बघायचा आणि म्हणायचा, "वा! हात कुणाचा?"

"माझा," दादा म्हणायचा. मग माझ्याकडे बोट करायचा. "आणि नापास हिने केलाय."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो वेल्डर होता आणि मी अंबरनाथलाच एका लहानशा प्रयोगशाळेत होते, जिथे पोलादाचे तुकडे तोडून ते किती चिवट आहेत ते सांगत. तो गेला, त्यानंतर बरेच दिवस मला काही लिहिता आलं नाही. आता लिहायला बसले आहे तर त्याचा चेहरा समोर येण्याआधी तो ठोकळाच येतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमचे वडील मी सातवीत असताना गेले. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शाळा त्याने आधीच सोडली होती. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये तो हेल्पर म्हणून लागला आणि दोन वर्षांत त्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर आला. मी उल्हासनगरच्या कॉलेजात फिजिक्स घेतलं. घरात पुस्तकं माझी एकटीची होती, पण दादा जेवून झालं की माझं एखादं पुस्तक उघडून नुसत्या आकृत्या बघत बसायचा आणि एखादी आकृती आवडली तर म्हणायचा, "हे करून बघता येईल." मला त्यातलं काहीच करून बघता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याचा हात देखणा होता. शॉपमध्ये दुसरे वेल्डर सरळ रेघ ओढल्यासारखे रन, म्हणजे वेल्डिंगचे पट्टे, मारत, एकाला लागून दुसरा. दादा रॉड या कडेपासून त्या कडेपर्यंत संथपणे फिरवत न्यायचा, चंद्रकोरीसारखा, आणि एका फेरीतच रुंद पट्टी भरून काढायचा. शॉपचे शेठ उल्हासनगरचे सिंधी होते. कुणी गिऱ्हाईक आलं की ते त्याला थेट दादाच्या जागेवर आणत आणि म्हणत, "ये देखो साईं, हमारा कारीगर. लोखंडावर भरतकाम करतो." त्या रुंद हाताची शॉपमध्ये एक रीतच होऊन गेली होती. वरची शेवटची फेरी, जिला ते कॅप म्हणत, ती कुणाचीही असो, दादाला बोलावून त्याच्या हातून मारून घेत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा शेठना एक काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी जाड प्लेटींचे जोड करून द्यायचे होते. तोपर्यंत शॉपने टाक्या, गेट, शिड्या, फार तर एखाद्या केमिकल कंपनीच्या पाइपलाइनी केल्या होत्या. काम देणाऱ्यांची अट होती की आधी एक नमुना जोड करून दाखवा, तो तपासून घ्या आणि ज्या वेल्डरच्या हाताने तो पास होईल, त्याच्याच देखरेखीखाली सगळं काम होईल. दादाला अकरा वर्षं होऊनही तो कायम नव्हता. शेठनी त्याला सांगितलं, हा जोड पास झाला की तू कायम आणि या कामाचा फोरमन.

वहिनीने ही गोष्ट मला तीनदा सांगितली. दादाने एकदाही नाही.

तो नमुना जोड तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत आला.

मी आमच्या सरांकडे गेले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, आयुष्य पोलादाच्या भट्ट्यांजवळ काढून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. मी म्हटलं, "सर, हा जोड माझ्या भावाने केलाय. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं."

"दुसरं आहे कोण?" ते म्हणाले. खरंच नव्हतं. आम्ही एकूण चार माणसं, त्यातले दोघं तुकडे कापणारे. "आणि तुकड्यावर नंबर आहे, नाव नाही. नंबर बघून काम करा."

आमची रोजची चाचणी चार्पीची. बोटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, मधोमध एक बारीक खाच पाडायची, तुकडा थंड करायचा आणि आधारावर ठेवून मागून एक जड लंबक सोडायचा. लंबक तुकडा तोडून पलीकडे जितका कमी चढेल तितकी जास्त ताकद तुकड्याने खाल्ली, म्हणजे तो तितका चिवट. आकडा ज्यूलमध्ये. या जोडासाठी तुकडे उणे वीस अंशांवर तोडायचे होते. मे महिना होता. पत्र्याखाली आम्ही घामाने भिजलेलो आणि समोर अल्कोहोलच्या भांड्यात कोरड्या बर्फाचे खडे टाकून धूर निघतोय, असं ते दृश्य असे. भांड्यातून तुकडा काढला की पाच सेकंदांच्या आत तो तुटला पाहिजे, नाहीतर तो गरम होतो. म्हणून सरांनी नियम केला होता की मोठ्याने मोजायचं. मी चिमट्याने तुकडा उचलायचे आणि "एक" म्हणायचे, लंबक सोडणारे मामा "सोडू का?" असं कधी विचारत नसत, ते माझ्या "तीन"ची वाट बघत.

जोडाच्या मधल्या धातूचे तुकडे उत्तम आले. मग कडेचे तुकडे घेतले. वेल्डिंग करताना मधला धातू वितळतो, पण त्याच्या लगतची प्लेट वितळत नाही, नुसती भाजून निघते आणि आतून बदलते. दादा तिला भाजलेली कड म्हणायचा. खाच बरोबर त्या कडेवर पाडायची असते. तीन तुकडे. पहिला चौऱ्याहत्तर ज्यूल. दुसरा एकसष्ट. तिसऱ्याला लंबक लागला तेव्हा आवाजच वेगळा आला, काचेचा पेला फरशीवर पडल्यासारखा. लंबक पार वर गेला. सत्तावीस.

"एवढंच?" मामा म्हणाले.

नियम असा होता की तिन्हींची सरासरी छत्तीसच्या वर हवी आणि एकही तुकडा सव्वीसच्या खाली नको. सरासरी चोपन्न आली. सत्तावीस हा सव्वीसपेक्षा एकने जास्त. जोड पास झाला होता. मी त्या दिवशी डबा खाताना सगळा भात संपवला, हे मला अजून आठवतं.

पण एवढ्या चार्पीवर काम भागणार नव्हतं. एवढ्या जाड प्लेटीसाठी दुसरी एक चाचणी मागितली होती. तिच्यात तुकडा बोटाएवढा नसतो. प्लेटीच्या पूर्ण जाडीचा घेतात, दोन्ही हातांनी उचलावा असा. खाच पाडून थांबत नाहीत, त्या खाचेच्या टोकाला यंत्राने हजारो वेळा ताण देऊन खरी, केसासारखी भेग तयार करतात. मग झटका न देता सावकाश वाकवतात आणि भेग धावत सुटण्याआधी तिचं टोक किती उघडलं ते मोजतात. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं, मुंबईत एका संस्थेत होतं आणि तिथे दीड-दोन महिने नंबर लागत नसे. शेठना घाई होती. त्यांनी पत्र पाठवलं: चार्पीचे आकडे चांगले आहेत, त्यावरून दुसऱ्या चाचणीचा आकडा काढायचं सूत्र पुस्तकात असतं असं कळतं, तर तो हिशोब करून लेखी द्यावा, काम देणारे तो मान्य करायला तयार आहेत.

सूत्र होतं. एक नाही, आमच्या कपाटातल्या पुस्तकांत पाच-सहा होती. ज्यूलचा आकडा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, एका ठरावीक संख्येने गुणा, की भेगेविरुद्धचा चिवटपणा आला. त्यावरून पुढे टोकाचं उघडणं काढता येतं. सरांनी ते काम मला दिलं.

मी दोन दिवस त्यावर घालवले. चोपन्न घातला तर सगळ्या सूत्रांनी उत्तर चांगलं येत होतं. सत्तावीस घातला तर तीन सूत्रांनी जोड नापास होत होता. मी चोपन्न घातला. स्वतःला सांगितलं की चार्पीचा नियमच सरासरीचा आहे, मी काही वेगळं करत नाही. अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

दुपारी त्यांनी बोलावलं. "हा चोपन्न कुठल्या तुकड्याचा?"

"सरासरीचा, सर."

"सरासरी नावाचा तुकडा मला दाखवा. मामांनी कधी तोडला?"

मामा दारात उभे होते, त्यांनी उगाच पंखा बंद करून परत चालू केला.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. "उल्हासनगरला कापड घ्यायला जाता ना? कापडवाला काय करतो? कात्रीने कडेला टिचकी मारतो आणि हिसका देतो. टर्रकन फाटतं. तेच कापड टिचकी मारून हळूहळू ओढलं तर आधी ताणतं, मग फाटतं. आणि टिचकीच मारली नाही तर दोघं ओढत बसाल. कापड एकच. मग त्याचा चिवटपणा कुठला धरायचा?"

मी म्हटलं, "कशा तऱ्हेने विचारलं त्यावर आहे."

"मग आता बघा. चार्पी हिसका देते. हिसक्याने पोलाद लवकर ठिसूळ होतं, म्हणजे तिथे ती कडक आहे. पण तिची खाच बोथट आणि तुकडा बारका. खरी भेग टोकदार असते आणि प्लेट जाड, तिथे चार्पी फार सैल आहे. एकीकडे कडक, एकीकडे सैल. साध्या प्लेटीत दोन्ही मिळून कधी कधी बरोबर सुटतं, म्हणून सूत्रं आहेत. ज्यांनी ती केली त्यांनी साध्या प्लेटी तोडून केली. जोडाच्या कडेला तसं चालत नाही. तिथे एका मिलिमीटरमध्ये धातू बदलतो. तुमच्या दोन तुकड्यांत खाचेचं टोक चांगल्या जागी पडलं, तिसऱ्यात वाईट जागी. वाईट जागा आहे, एवढं तुम्हाला त्या सत्तावीसने सांगितलं. जाड तुकड्यात भेग पूर्ण जाडीभर पसरलेली असते, तिला ती जागा कुठे ना कुठे सापडणारच."

मग ते म्हणाले, "सूत्राने अंदाज करायचा तर सगळ्यात कमी आकड्यावरून करायचा. आणि अंदाज म्हणून लिहायचा. तुम्ही हे जाणता. म्हणून मी विचारलं."

अहवाल त्यांनी फाडला नाही. माझ्या हातात परत दिला.

त्या संध्याकाळी मी तिन्ही तुकड्यांचे अर्धे भाग कागदात गुंडाळून घरी नेले. दादा पडवीत बसून पायाला खोबरेल चोळत होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याच्या पायांवर लहान लहान डाग पडलेले असत. मी तुकडे त्याच्यासमोर ठेवले आणि माझं भिंग दिलं.

पहिले दोन त्याने पटकन बाजूला ठेवले. त्यांची तुटलेली बाजू करडी होती, ओढून तोडलेल्या दोरखंडासारखी. तिसरा मात्र खडीसाखर फोडल्यासारखा चमकत होता. तो त्याने बराच वेळ बघितला.

"हा वरच्या अंगाचा तुकडा ना? कॅपच्या खालचा?"

"हो."

"मग माझंच आहे हे." त्याने भिंग खाली ठेवलं. "कागदावर लिहिलं होतं की रन बारीक मारायचे, सरळ. मी खालचे तसेच मारले. वरती आलो तेव्हा शेठ गिऱ्हाइकाला घेऊन मागे उभे होते. मग मी हात फिरवला. रुंद. छान दिसावं म्हणून." त्याने चमकणाऱ्या बाजूवर अंगठा फिरवला. "रुंद फिरवला की एका जागी उष्णता फार वेळ राहते. कड जास्त भाजते. हे मला माहीत होतं. पण एवढं होत असेल असं नव्हतं वाटलं. फोटोत तर सगळं साफ आलं होतं."

फोटो म्हणजे एक्स-रे. एक्स-रेत पोकळी दिसते, भाजणं दिसत नाही.

मी त्याला सरासरीचं सांगितलं. चोपन्न धरून लिहिलं तर पास होतो, सरांनी परत दिलंय, पण सूत्रं पुष्कळ आहेत, एखादं असं निवडता येईल की...

आत वहिनी भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"तुझी सही असते ना खाली?" दादाने विचारलं.

"असते."

"मग तू सांग. तिथे समुद्रात माणसं राहतात म्हणे त्या प्लॅटफॉर्मवर. तू लिहिशील?"

मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि तेलाची वाटी परत पुढे ओढली. "मग जाड तुकडा तोडून बघू. माझी चूक किती मोठी आहे ते तरी कळू दे मला."

भाकऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जास्त जोरात.

सरांनी संस्थेत शब्द टाकला आणि आमचा नंबर तीन आठवड्यांनी लागला. जाड तुकडे तीन, एकेक सतरा किलोचा. ते उचलायला शेठनी टेम्पोबरोबर दादालाच पाठवलं. मी प्रयोगशाळेच्या वतीने गेले. भेगा आदल्या दिवशी पाडून ठेवल्या होत्या. यंत्र चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी दादाला हेल्पर समजून बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, "जोड यांनीच केलाय." त्या एकदम म्हणाल्या, "मग तुम्ही इथे पुढे उभे राहा ना."

आपल्या हातचा जोड अशा तऱ्हेने तुटताना बघायला बहुतेक वेल्डरना कधी मिळत नाही. पहिला तुकडा यंत्राने खाली दाबायला सुरुवात केली. बाजूला कागदावर एक पेन सावकाश रेघ काढत होतं, सरळ वर, मग वाकत, मग आडवी. तुकडा डोळ्यांना दिसेल एवढा वाकला तरी तुटला नाही. "छान," बाई म्हणाल्या. दुसराही तसाच. दादाच्या खांद्यातला ताण उतरलेला मला दिसला. माझ्या मनात सूत्रं परत डोकं वर काढू लागली.

तिसऱ्याच्या वेळी पेन अजून सरळच चढत होतं आणि एक लहानसा आवाज झाला. टक्. बोट मोडल्यासारखा. मला तो यंत्राचा वाटला.

"वाजलं," दादा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तोपर्यंत पेनाने रेघेत एक लहान पायरी काढली होती आणि ते पुन्हा वर चालू लागलं होतं. आत कुठेतरी भेग उडी मारून पुढे गेली होती आणि चांगला धातू लागल्यावर थांबली होती. आणखी थोडा भार चढला आणि तुकडा मोठ्याने तुटला. भेगेचं टोक पाव मिलिमीटर उघडायला हवं होतं. त्या पायरीपाशी ते त्याच्या निम्मंही उघडलं नव्हतं.

"पायरीपाशीच धरायचं ना? उडी पुढे थांबली तरी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "प्रत्यक्षात पुढचा धातू चांगला असेलच, याची खात्री कोण देणार?"

परतताना टेम्पोत दादा एवढंच म्हणाला, "दोन चांगले निघाले तेव्हा मला वाटलं, सुटलो." मी म्हटलं, मलाही.

अहवाल मी लिहिला. चार्पीने पास, दुसऱ्या चाचणीने नापास, आणि या जोडाच्या कडेसाठी एका चाचणीवरून दुसरीचा आकडा काढणं योग्य नाही, असं स्पष्ट वाक्य घातलं. खाली माझी सही, शेजारी सरांची.

शेठ प्रयोगशाळेत आले. आवाज चढवला नाही, पण जाताना मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्या जमाना है साईं, बहनने भाई को काट दिया." काम पुढे ढकललं गेलं. दादाला होल्डर सोडून ग्राइंडरवर बसवलं. रोज दुसऱ्यांचे जोड घासून संध्याकाळी तो घरी यायचा, भुवया लोखंडाच्या भुशीने करड्या झालेल्या. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत होता. वहिनी मात्र नव्हती. म्हणजे बोलायची, "वन्सं, पोळी वाढू का?", "वन्सं, पाणी तापलंय." एरवी ती मला नणंद म्हणून कधी वागवत नसे, आम्ही एकाच ताटात जेवलेल्या होतो. एकदा तिने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "एक ओळ वेगळी लिहिली असती तर तुमच्या प्रयोगशाळेचं काय गेलं असतं?" मला तिचं बरोबर वाटत होतं आणि माझंही.

दोन महिन्यांनी काम देणाऱ्यांनी आणखी एक संधी दिली. शेठनी आधी दुसऱ्या वेल्डरकडून करून घ्यायचं ठरवलं होतं. दादा त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "बिघाड कुठे आहे ते मला माहीत आहे. दुसऱ्याला ते शोधावं लागेल." शेठनी त्याला होल्डर परत दिला.

या वेळी त्याने खालपासून वरपर्यंत बारीक, सरळ रन मारले. हात अजिबात फिरवला नाही. प्रत्येक रननंतर थांबून प्लेट किती तापलीय ते खडूने बघायचा. तो खडू ठरावीक तापमानाला वितळतो. तीन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. कॅप अशी दिसत होती की शॉपमधले लोक मुद्दाम बघायला आले. "काय रे, शेणाच्या गोवऱ्या थापल्यास का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "अरे, बहिणीची भीती बसलीय त्याला."

"बसलीय," दादा म्हणाला आणि पुढचा रॉड लावला.

तो जोड दोन्ही चाचण्यांत पास झाला. कडेचा सगळ्यात कमी तुकडासुद्धा पन्नासच्या वर होता. काम आलं, पहिल्यांदा बोलले होते त्याच्या निम्मंच. उरलेलं दरम्यान दुसऱ्या शॉपला गेलं होतं. दादा त्या कामाचा फोरमन झाला. कायम मात्र आणखी चार वर्षांनी झाला. आपल्या हाताखालच्या पोरांना तो रुंद हात फिरवू द्यायचा नाही. कॅपसाठी त्याला बोलवायची रीत बंद पडली.

पहिल्या जोडाचा उरलेला तुकडा त्याने शेठकडून मागून घरी आणला. वहिनी म्हणाली, "हे अवलक्षण कशाला घरात?" त्याने तो दाराला लावला.

मी त्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत राहिले. तिथे मी एक वही ठेवली होती. ज्या जोडांच्या दोन्ही चाचण्या झाल्या त्यांचे आकडे तिच्यात मांडायचे, आडवे चार्पीचे आणि उभे दुसऱ्या चाचणीचे, प्रत्येक जोडाला एक ठिपका. मला वाटलं होतं, पुरेसे ठिपके झाले की एक रेघ दिसेल. ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे झाले. सर प्रयोगशाळा सोडल्यानंतरही कधी कधी येत, त्यांनी एकदा वही बघितली आणि पट्टी मागितली. मला वाटलं मधून रेघ काढतील. त्यांनी सगळ्यांत खालच्या ठिपक्यांना टेकून काढली. डाव्या कोपऱ्यातला, त्या रेघेला टेकलेला ठिपका दादाचा होता. मी सांगितलं नाही, पण मला वाटतं त्यांनी ओळखला.

दादा आठ महिने आजारी होता. त्या महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. लोक मला म्हणाले, निदान तुम्हाला तयारीला वेळ मिळाला. वडील एका दुपारी अचानक गेले होते, त्याच्याशी ते तुलना करत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज करता येत नाही, एवढं मी त्यांना सांगू शकले असते.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. दादाच्या शॉपमधले बरेच जण आले, त्यात नव्याने लागलेला एक तरुण वेल्डर होता, ज्याने दादाला फार बघितलं नव्हतं. दारात चपला काढताना तो थबकला, वाकला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि न राहवून म्हणाला, "वा! हात कुणाचा?"

बोलणी थांबली. शॉपमधल्या जुन्या माणसाने त्याला कोपराने ढोसलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती सकाळपासून बोललेली नव्हती.

"त्यांचा," ती म्हणाली.

त्यापुढे ती काही बोलली नाही, पण तिने नजर हलवली नाही. ती माझ्याकडे बघत होती. सगळेच थांबले होते, जसे मामा माझ्या "तीन"साठी थांबत. मला उशीर झाला, पाच सेकंदांहून जास्तच.

"आणि नापास मी केलाय," मी म्हटलं.

वहिनीने मान हलवली. मग ती उठली, दारापर्यंत गेली, आणि माणसांच्या ये-जा करण्यात थोडा सरकलेला तो ठोकळा तिने पायाने ढकलून परत दाराला नीट लावला.